एकच चित्रफीत, तीन प्रश्न : पटेल विरुद्ध मॅडिसन शहर

अमेरिकेतल्या अलाबामा राज्याच्या उत्तर भागात, हंट्सव्हिलला खेटून मॅडिसन नावाचं शहर आहे. नासाचं मार्शल केंद्र आणि लष्कराचं रेडस्टोन आर्सेनल जवळच असल्यामुळे इथे अभियंत्यांची वस्ती मोठी, आणि त्यांत भारतीय कुटुंबंही बरीच. ६ फेब्रुवारी २०१५, शुक्रवारची सकाळ. ५७ वर्षांचे सुरेशभाई पटेल मुलाच्या घराजवळच्या फुटपाथवरून फिरत होते. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या पीज गावचे हे शेतकरी. नातू अकाली जन्मलेला, त्याला सांभाळायला घरात वडीलधारं माणूस हवं म्हणून ते नुकतेच मुलाकडे येऊन राहिले होते. इंग्रजी येत नव्हतं.

शेजारच्या एका रहिवाशाने पोलिसांना फोन केला. एक हडकुळा काळा माणूस, डोक्याला लोकरी टोपी, गॅरेजांजवळून रेंगाळत चाललाय, याला इथे कधी पाहिलेलं नाही, आपण कामावर निघालोय आणि बायको घरी एकटी आहे, असा फोनचा आशय. चोरी, मोडतोड, धमकी, शस्त्र यांतलं काहीही त्याने सांगितलं नव्हतं. अनोळखी माणूस चालतोय, एवढीच तक्रार.

दोन पोलीस आले. त्यांतला एक एरिक पार्कर. दुसरा प्रशिक्षणातला नवखा, आणि त्याला काम शिकवण्याची जबाबदारी पार्करकडेच होती. पुढचं सगळं पोलीस गाड्यांच्या डॅशकॅममध्ये आहे. पोलीस विचारतात कुठे निघालात, पत्ता काय, ओळखपत्र आहे का. पटेल हातवारे करत सांगू पाहतात की इंग्रजी येत नाही, इंडिया. आपण मुलाच्या घराचा नंबरही सांगत होतो, असं पुढे त्यांनी दाव्यात म्हटलं. ते दोनचार पावलं पुढे जातात, पोलीस बोलावतात, ते थांबतात. पार्कर त्यांचे दोन्ही हात पाठीमागे धरतो आणि बजावतो की पुन्हा हिसका दिलास तर खाली पाडीन, समजलं का? ज्याला इंग्रजी येत नाही हे आत्ताच कळलंय, त्याला हे इंग्रजीत विचारलेलं. काही क्षणांत पायाला आडवा पाय घालून पार्कर त्यांना तोंडावर आपटतो. हात मागे धरलेले, त्यामुळे टेकवायला हात नाहीत. मग दोघे मिळून त्यांना उभं करायचा प्रयत्न करतात. पाय धरत नाहीत.

मानेच्या मणक्याला मार बसला होता. हंट्सव्हिलच्या रुग्णालयात मणके जोडण्याची शस्त्रक्रिया झाली, पण अंशतः लकवा राहिला. स्वतःच्या पायांनी फेरफटका मारायला निघालेला माणूस पुढे वॉकर धरून चालू लागला.

गोष्ट एवढीच, आणि ती कुणाच्याही घरातली वाटावी अशी. पुण्या-नाशिकहून, सांगलीहून लेकीच्या बाळंतपणाला किंवा नातवंडं सांभाळायला सहा महिन्यांसाठी गेलेले कितीतरी आजी-आजोबा सकाळी चहा झाला की असेच ‘जरा पाय मोकळे करून’ येतात. त्यांच्या खिशात मुलाचा फोन आणि पत्ता लिहिलेलं कार्ड असावं, हा सल्ला त्या काळात अमेरिकेतल्या भारतीय मंडळांत फिरला आणि तो चांगलाच आहे. पण कार्ड नसणं हा गुन्हा नाही. पटेलांवर कुठलाही गुन्हा नोंदवला गेला नाही, कारण नोंदवण्यासारखं काही नव्हतंच.

हे प्रकरण मी घेतलं ते सहानुभूतीसाठी नव्हे. ती त्या वेळी भरपूर मिळाली. पोलीसप्रमुख लॅरी मन्सी यांनी आठवड्याच्या आत जाहीर माफी मागितली, पार्करची कृती खात्याच्या अपेक्षेत बसत नाही असं सांगितलं, चित्रफीत खुली केली आणि त्याला बडतर्फ करण्याची शिफारस केली. गव्हर्नर रॉबर्ट बेंटली यांनी अटलांटातल्या भारतीय वाणिज्यदूतांना पत्र पाठवून दिलगिरी व्यक्त केली. लोकांनी उपचारांसाठी वर्गणी जमवली. मला रस आहे तो यानंतर काय झालं त्यात. तीच चित्रफीत दोन वेळा ज्यूरीपुढे आणि वेगवेगळ्या न्यायाधीशांपुढे चालली. पार्कर फौजदारीत निर्दोष सुटला आणि दिवाणीत त्याला कायद्याची ढाल मिळाली नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हा उघड विरोधाभास वाटतो. तसा तो नाही. प्रत्येक न्यायालयाने त्या काही सेकंदांना वेगळाच प्रश्न विचारला होता.

पहिला प्रश्न : त्याच्या मनात काय होतं?

मार्च २०१५ मध्ये केंद्र सरकारने पार्करवर फौजदारी आरोप ठेवला. अधिकाराच्या आवरणाखाली एखाद्याचा घटनात्मक हक्क ‘जाणूनबुजून’ हिरावणं, असं त्या गुन्ह्याचं स्वरूप. सगळी मेख त्या जाणूनबुजूनमध्ये आहे आणि ती १९४५ मध्ये मारलेली आहे. जॉर्जिया राज्यातल्या बेकर काउंटीचा शेरीफ, म्हणजे तिथला निवडून आलेला पोलीसप्रमुख, क्लॉड स्क्रूज याने रॉबर्ट हॉल नावाच्या कृष्णवर्णीय तरुणाला टायरचोरीच्या संशयावरून धरलं, बेड्या घातलेल्या अवस्थेत न्यायालयाच्या आवारात बेदम मारलं, आणि हॉल मेला. खालच्या न्यायालयाने शेरीफला दोषी ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. नुसतं मारलं हे पुरेसं नाही, अमुक एक हक्क हिरावून घ्यायचा या विशिष्ट हेतूने मारलं हे ज्यूरीला पटलं पाहिजे आणि ज्यूरीला तसं समजावून सांगितलेलं नव्हतं, असं न्यायालय म्हणालं. फेरसुनावणीत स्क्रूज सुटला. पुढे तो राज्याच्या सिनेटवर निवडूनही आला.

सरकारी वकिलांना आजही ही चढण चढावी लागते. बळ गरजेपेक्षा जास्त होतं एवढं दाखवून भागत नाही. ते जास्त आहे हे पोलिसाला माहीत होतं आणि तरीही त्याने ते वापरलं, हे संशयाला जागा न ठेवता सिद्ध करावं लागतं.

पार्करवरचा पहिला खटला सप्टेंबर २०१५ मध्ये चालला. पटेलांनी दुभाष्याच्या मदतीने गुजरातीत साक्ष दिली. बचावाची मांडणी अशी की पटेलांनी हात सोडवून घेण्यासाठी हिसके दिले, झडती पूर्ण झाली नव्हती, खिशात शस्त्र असू शकलं असतं, आणि पाडताना पार्करचाही तोल गेला. अमेरिकेत येणाऱ्याने इथले कायदे पाळावेत आणि इथली भाषा बोलावी अशी आमची अपेक्षा असते, असं बचावाचे वकील पहिल्याच भाषणात ज्यूरीला म्हणाले. अमेरिकेत फुटपाथवरून चालायला इंग्रजी यावं लागतं असा कायदा नाही. पण हे वाक्य कायद्यासाठी नव्हतंच, ते ज्यूरीच्या खुर्च्यांसाठी होतं. मॅडिसनच्याच काही पोलिसांनी साक्षीत सांगितलं की अशी पाडण्याची पद्धत शिकवली जाते आणि ती प्रशिक्षणाला धरूनच होती. ज्या खात्याच्या प्रमुखाने जाहीर माफी मागितली त्याच खात्यातली ही माणसं.

ज्यूरीचं एकमत झालं नाही. नोव्हेंबरमध्ये दुसरा खटलाही तसाच अडला. जानेवारी २०१६ मध्ये न्यायाधीश मॅडेलिन हायकाला यांनी पुराव्यावरून दोषसिद्धी होऊ शकत नाही असं ठरवून पार्करला निर्दोष सोडलं. सरकारला दोन पुरेपूर संधी मिळाल्या, तिसरी मिळणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता. त्याच वर्षी राज्याने लावलेला मारहाणीचा किरकोळ खटलाही काढून घेतला गेला आणि पार्कर पुन्हा नोकरीवर रुजू झाला.

या निकालावर तेव्हा बराच संताप झाला. मला तो निकाल धक्कादायक वाटत नाही. प्रश्न हेतूचा होता, आणि काही सेकंदांच्या चित्रफितीत हेतू दिसत नाही. हात दिसतात, पाय दिसतो, पडणारा माणूस दिसतो. मनात काय होतं ते पार्करनेच साक्षीला उभं राहून सांगितलं, आणि ते खोटं आहे असं ज्यूरीतल्या बाराही जणांना एकमताने वाटल्याशिवाय दोषसिद्धी नाही.

दुसरा प्रश्न : वाजवी होतं का?

दिवाणी दावा मात्र फौजदारीची वाट पाहत बसला नव्हता. घटनेला आठवडा व्हायच्या आत, १२ फेब्रुवारी २०१५ रोजी, वकील हँक शेरॉड यांनी तो केंद्रीय जिल्हा न्यायालयात दाखल केला होता. ज्या कायद्याखाली केला तो १८७१ चा आहे. यादवी युद्धानंतर दक्षिणेतल्या राज्यांत कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या हिंसक संघटनेने धुमाकूळ घातला होता आणि गावचा शेरीफ, गावचा न्यायाधीश, गावची ज्यूरी या सगळ्यांची त्याकडे डोळेझाक होती. म्हणून काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, वाट काढली की राज्याच्या अधिकाराच्या जोरावर कुणी घटनात्मक हक्क तुडवला तर पीडिताने थेट केंद्रीय न्यायालयात जाऊन त्या माणसाकडून भरपाई मागावी. हा कायदा नंतर जवळजवळ नव्वद वर्षं निजला. १९६१ मध्ये, शिकागो पोलिसांनी एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरात घुसून घातलेल्या धिंगाण्याच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने त्याला जागं केलं. पोलिसाने राज्याचा कायदा मोडून केलेलं कृत्यही ‘राज्याच्या अधिकाराखालचं’ धरता येतं, असं ठरलं. १९७६ मध्ये आणखी एक व्यवहारी तरतूद आली. दावा जिंकला तर वादीच्या वकिलाची फी प्रतिवादीने द्यायची. ती नसती तर पीजच्या शेतकऱ्यासाठी सहा वर्षं लढायला कुठला वकील उभा राहिला असता, हा साधा हिशेब आहे.

या दाव्यात हेतूला जागा नाही, आणि ती १९८९ पासून नाही. डिथॉर्न ग्रॅहम हे नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटचे मधुमेही गृहस्थ. १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये साखर उतरतेय असं जाणवलं म्हणून मित्राच्या गाडीतून संत्र्याचा रस घ्यायला दुकानात गेले, रांग लांब दिसली, तसेच घाईने बाहेर आले आणि दुसऱ्या मित्राकडे चल म्हणाले. एका पोलिसाला ती घाई खटकली. त्याने गाडी अडवली, कुमक बोलावली, ग्रॅहमना बेड्या घातल्या. हा मधुमेही आहे असं मित्र सांगत राहिला, कुणीतरी रस आणून दिला तोही त्यांच्यापर्यंत पोहोचू दिला नाही. पाऊल मोडलं, मनगटं कापली, कपाळ आणि खांदा दुखावला. दुकानात काहीच घडलेलं नाही असं कळल्यावर त्यांना घरी सोडण्यात आलं.

या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घातलेला मापदंड आजपर्यंत देशभर चालतो. पोलिसाचा हेतू चांगला की वाईट हे पाहायचं नाही. त्या क्षणी, त्या जागी, तेवढीच माहिती असलेला समंजस पोलीस असं वागला असता का, एवढंच पाहायचं. गुन्हा किती गंभीर होता, माणसाकडून तत्काळ धोका होता का, आणि तो अटकेला विरोध करत होता किंवा पळत होता का, हे मुख्य निकष. त्याचबरोबर नंतर निवांत बसून शहाणपण शिकवायचं नाही, पोलिसाला क्षणार्धात निर्णय घ्यावे लागतात हे विसरायचं नाही, अशी ताकीदही त्याच निकालात आहे. त्यामुळे हा निकाल दोन्ही बाजूंचे वकील सारख्याच उत्साहाने पुढे करतात. स्वतः ग्रॅहम फेरसुनावणीत ज्यूरीसमोर हरले, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

पटेलांच्या बाबतीत निकष लावायला वकील लागत नाही. गंभीर गुन्हा सोडा, गुन्हाच नाही. धोका? किरकोळ अंगकाठीचा, हात मागे धरलेला माणूस, आजूबाजूला दोन सशस्त्र पोलीस. उरला विरोध. ते हिसका देत होते की नाही यावर सगळं लटकलेलं होतं, आणि चित्रफीत त्याबाबत निर्विवाद काही सांगत नाही. पोलीस म्हणतो दिला, पटेल म्हणतात नाही.

फौजदारी खटल्यात नेमकी हीच धूसरता पार्करच्या कामी आली होती. दिवाणीत तिचा फायदा उलट्या बाजूला गेला. दावा ज्यूरीपर्यंत जाऊ द्यायचा का, हे ठरवण्याच्या टप्प्यावर वादग्रस्त बाबी वादीच्या म्हणण्याप्रमाणे धरून चालायचं असतं. अपवाद एकच, चित्रफीत त्याला सरळ खोटं पाडत असेल तर. २००७ मध्ये गाडीच्या पाठलागाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असं केलेलं आहे. इथली चित्रफीत पटेलांना खोटं पाडत नव्हती. म्हणजे न्यायालयाला हे गृहीत धरून पुढे जावं लागलं की ते विरोध करत नव्हते, आणि तरीही त्यांना तोंडावर आपटण्यात आलं.

तिसरा प्रश्न : हे आधी कुणी सांगितलं होतं का?

इथे सामान्य माणूस म्हणेल, मग झालं की, द्या भरपाई. इथेच अमेरिकी नागरी हक्कांच्या दाव्यांतली सगळ्यांत वादग्रस्त भिंत लागते. तिला क्वालिफाइड इम्युनिटी म्हणतात. १८७१ च्या कायद्यात तिचा उल्लेख नाही. न्यायालयांनी १९६७ पासून ती उभी केली आणि १९८२ मध्ये तिला आजचं रूप दिलं. पोलिसाने हक्क मोडला असला तरी त्या वेळी तो हक्क ‘स्पष्टपणे प्रस्थापित’ नसेल तर पोलिसावर वैयक्तिक दावा चालत नाही. प्रस्थापित म्हणजे बहुधा असं की तुमच्या भागातल्या वरिष्ठ न्यायालयाने जवळपास तशाच प्रकरणात आधी निकाल दिलेला हवा.

यातून काय निघू शकतं त्याचा नमुना, पटेल प्रकरण पुढे ज्या अकराव्या परिमंडळाच्या अपिली न्यायालयात गेलं तिथेच, पटेल निकालाच्या वर्षभर आधी दिसला. या न्यायालयाखाली अलाबामा, जॉर्जिया आणि फ्लोरिडा येतात. जॉर्जियात पोलीस एका संशयिताच्या मागे एका घराच्या अंगणात शिरले, तिथल्या मुलांना जमिनीवर पालथं झोपवलं, आणि एका डेप्युटीने (शेरीफच्या हाताखालच्या पोलिसाने) धोकादायक नसलेल्या पाळीव कुत्र्यावर गोळी झाडली. ती चुकून दहा वर्षांच्या मुलाच्या पायाला लागली. २०१९ मध्ये न्यायालयाने म्हटलं की अशा प्रसंगाबद्दल आधीचा निकाल नाही, म्हणून डेप्युटीला संरक्षण. त्याच वर्षी पश्चिमेकडच्या नवव्या परिमंडळाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोच्या प्रकरणात असंच केलं. झडतीत पोलिसांनी सव्वादोन लाख डॉलरहून जास्त ऐवज लांबवला असा आरोप होता. चोरी वाईट हे खरं, पण झडतीचं वॉरंट असताना पोलिसाने केलेली चोरी घटनाबाह्य आहे असं आधी कुठे प्रस्थापित झालं होतं, असा सूर लावून संरक्षण मिळालं. वाचताना माणूस दोनदा चष्मा पुसतो.

आणि यात एक दुष्टचक्र आहे. निकाल नाही म्हणून संरक्षण, आणि संरक्षण दिलं की हक्क मोडला का हे न ठरवताच प्रकरण मिटवता येतं (२००९ पासून न्यायालयांना तशी मोकळीक आहे), म्हणून पुढच्या वेळीही निकाल नाहीच.

पार्करने याच भिंतीचा आधार मागितला. जिल्हा न्यायालयाने तो नाकारला. असा नकार मिळाला की खटला सुरू होण्याआधीच अपील करता येतं, इतर दाव्यांत ही सवलत नसते. वर्षं जातात ती अशी. अपिलात त्याच्या बाजूने एक मुद्दा होता तो ‘किरकोळ बळा’चा. अटकेत थोडी ओढाताण, ढकलाढकली होणारच, तेवढ्याने घटना मोडत नाही, असं याच न्यायालयाने पूर्वी म्हटलेलं आहे.

२०२० च्या निकालात तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो मानला नाही. किरकोळ बळाची सवलत असते, पण विरोध न करणाऱ्या माणसाला असं आपटणं त्यात बसत नाही. आणि आधीचे निकाल? ते होते. २००२ चं फ्लोरिडातलं प्रकरण, गाडीचा भोंगा वाजवल्यावरून पकडलेल्या बाईला बेड्या घातल्यावर पोलिसाने तिचं डोकं गाडीच्या डिकीवर आपटलं होतं. २००८ चं, विरोध न करणाऱ्या बेडीतल्या माणसाला पोटात ठोसा मारल्याचं. जो विरोध करत नाही त्याच्यावर उगाच बळ वापरायचं नाही, हा नियम या तीन राज्यांत २०१५ पूर्वीच पक्का होता. पार्करला तो माहीत असायला हवा होता.

हा निकाल पार्कर दोषी असं म्हणत नाही. पटेल सांगतात तसं घडलं असेल तर हक्क मोडला, आता खरं काय ते ज्यूरीने ठरवावं, एवढंच तो म्हणतो. पण त्या भिंतीला दार पडलं की सौदा बदलतो. ज्यूरीसमोर लकवा झालेले आजोबा बसणार, चित्रफीत चालणार, आणि या वेळी पुराव्याचं माप ‘संशयातीत’ नसून फक्त ‘जास्त शक्य काय’ एवढंच असणार. प्रतिवादी तडजोडीच्या टेबलाशी येतात ते इथे.

पैसा कुणाच्या खिशातला

२०२१ मध्ये १७ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली. त्या वेळच्या दराने साधारण तेरा कोटी रुपये. ही रक्कम शहराच्या विम्यातून आली, पार्करच्या पगारातून नव्हे. यात काही नवल नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कायद्याच्या प्राध्यापक जोॲना श्वार्ट्झ यांनी २००६ ते २०११ या काळातला ४४ मोठ्या पोलीस खात्यांचा हिशेब तपासला होता. नागरी हक्कांच्या दाव्यांत पीडितांना मिळालेल्या ७३ कोटी डॉलरहून जास्त रकमेतला अवघा ०.०२ टक्का पोलिसांच्या स्वतःच्या खिशातून गेला होता. संरक्षण नसलं तर पोलीस रस्त्यावर येतील, क्षणात निर्णय घेताना घर गहाण पडण्याची भीती बाळगतील, या युक्तिवादाचं काय करायचं ते या आकड्यापुढे ठेवून पाहावं.

मग शहरावरच सरळ दावा का करत नाहीत? १९७८ पासून त्याची वाट अरुंद आहे. नोकराने चूक केली म्हणून मालक जबाबदार, हा दिवाणीतला नेहमीचा नियम या कायद्याला लागू नाही. शहराचं धोरण, रूढ झालेली पद्धत किंवा प्रशिक्षणातली जाणूनबुजून केलेली हेळसांड यामुळेच हक्क मोडला हे दाखवावं लागतं. म्हणजे दावा पोलिसावर चालवायचा आणि पैसे शहराने किंवा त्याच्या विमा कंपनीने द्यायचे. पोलिसाला व्यक्ती म्हणून झळ नाही, शहराला संस्था म्हणून दोष नाही.

आपल्याकडे हाच गुंता दुसऱ्या टोकाने पडलाय. १९६५ च्या कस्तुरीलाल प्रकरणात मेरठ पोलिसांनी एका व्यापाऱ्याचं शंभराहून जास्त तोळे सोनं जप्त केलं, ते ठाण्याच्या मालखान्यातून हवालदाराने पळवलं आणि तो पाकिस्तानात गेला. सर्वोच्च न्यायालयाने राज्याला जबाबदार धरलं नाही, कारण पोलिसांचं काम हे सार्वभौम सत्तेचं काम. हा निकाल रीतसर रद्द झाला नाही, पण १९८० नंतर त्याला वळसा घालणारी वाट तयार झाली. ओडिशातल्या नीलाबती बेहेरा यांच्या मुलाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला, त्यात १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रिटमधूनच राज्याला दीड लाख रुपये द्यायला लावले. मूलभूत हक्क मोडला तिथे सार्वभौमत्वाची सबब चालणार नाही, असं तिथे ठरलं. म्हणजे आपल्याकडे राज्य थेट पैसे देतं आणि वैयक्तिक दाव्याची परंपरा क्षीण आहे. फौजदारी खटल्याला सरकारची पूर्वपरवानगी हवी की नको, यावरच पहिली काही वर्षं निघून जातात. मात्र भारतातली बहुतेक अशी प्रकरणं मृत्यूची असतात. रस्त्यात पोलिसाने पाडलं, मान मोडली, माणूस जिवंत राहिला, एवढ्यावरून आपल्या उच्च न्यायालयात तेरा कोटी तर सोडाच, तेरा लाखांचीही कल्पना कुणी वकील करणार नाही.

तडजोड झाल्यामुळे दिवाणी ज्यूरीने ती चित्रफीत कधी पाहिलीच नाही. ‘वाजवी होतं का’ या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यामुळे कुणीच अधिकृतपणे दिलेलं नाही. फौजदारीत हेतू सिद्ध झाला नाही, अपिलात ढाल मिळाली नाही, आणि मधला, खरं तर सगळ्यांना ज्याचं उत्तर हवं होतं तो प्रश्न विमा कंपनीच्या धनादेशाखाली राहिला. वादीने तडजोड स्वीकारली यात दोष काढायचं कारण नाही. सहा वर्षं झाली होती, औषधोपचार चालू होते, आणि मापदंड घालून देणाऱ्या ग्रॅहमना ज्यूरीने रिकाम्या हाताने पाठवलं होतं.

अपिलाचा निकाल मात्र तडजोडीने पुसला जात नाही. अलाबामा, जॉर्जिया आणि फ्लोरिडात यापुढे कुणी पोलीस म्हणाला की विरोध न करणाऱ्या माणसाचे हात मागे धरून त्याला तोंडावर आपटू नये हे मला कुणी सांगितलं नव्हतं, तर समोरच्या वकिलाला २०२० चा तो निकाल पुढे सरकवता येतो. त्यावर नाव आहे पटेल विरुद्ध मॅडिसन शहर.